आठ आणे ते पन्नास रुपये

१८३२ सालच्या मुंबईत मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासूनच होता. १८३२ मध्ये मारण्याची मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. बक्षीस नगावर ठरल्यावर पकडणारे रस्त्यापुरते कशाला थांबतील? घरांच्या आवारातली, पाळलेली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी धर्मात मृतदेहावर कुत्र्याची नजर पडण्याला, म्हणजे सगदीदला, विधीचे स्थान आहे. ६ जूनला पारशांचा जमाव कुत्री मारणाऱ्या शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली आणि सरकारला फौज बाहेर काढावी लागली.

या दंगलीची आठवण बहुतेक वेळा पारशांच्या श्वानप्रेमाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तिच्यातली दुसरी बाब जास्त महत्त्वाची आहे. अमुक कुत्रा कोणाचा, हे ठरवायला त्या शहरात कुठलीही नोंद नव्हती. मारणाऱ्याला फरक करण्याची गरज नव्हती आणि मालकाकडे पुरावा नव्हता. त्यानंतरच्या जवळपास दोनशे वर्षांत कुत्र्यांविषयी कायदे झाले, नियमावल्या आल्या, न्यायालयांचे निकाल आले. ही नोंद मात्र अजूनही धड उभी राहिलेली नाही.

मारणे पुढेही चालूच राहिले. विसाव्या शतकातल्या मुंबईत पालिकेची गाडी कुत्री पकडून नेई आणि कोंडवाड्यात विजेचा धक्का देऊन त्यांना मारले जाई. वर्षाकाठी हजारो कुत्री अशी संपवली गेली, तरी रस्त्यांवरची संख्या घटली नाही. कारण साधे आहे. उकिरडा जागेवर असतो, खाणे मिळत राहते, रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री शिरतात आणि उरलेल्या माद्यांची पिल्ले जास्त जगतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, नुसते मारून ना संख्या आवरते ना रेबीज, हेच सांगितले. मुंबईत १९९४ मध्ये ही कत्तल थांबली, चेन्नईत १९९६ मध्ये. डिसेंबर २००१ मध्ये केंद्राने नियमच केले: कुत्रा पकडा, निर्बीजीकरण करा, रेबीजची लस द्या, कानाला खूण करा आणि उचलला त्याच भागात परत सोडा.

हे नियम ज्या कायद्याखाली आले तो कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडून लावून धरले म्हणून प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा हा कायदा झाला आणि १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. त्या काळाच्या मानाने कायदा पुढारलेला होता. उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा रीतीने जनावर सोडून देणे हा त्यात गुन्हा आहे. म्हणजे आजारी पडला, बदली झाली, घरमालक नको म्हणाला म्हणून कुत्र्याला महामार्गालगत उतरवून जाणारा मालक कायद्याने गुन्हेगार ठरतो. शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड. पन्नास रुपयांची ही कमाल मर्यादा कित्येक दशके तशीच आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, पण त्याचा कायदा झालेला नाही. ज्या देशात जातिवंत पिल्लू हजारोंच्या घरात विकले जाते, तिथे ते टाकून देण्याची कायदेशीर किंमत पन्नास रुपये असणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

पिल्लांचा हा बाजार फुगला तो गेल्या पंचवीसेक वर्षांत. २००३ मध्ये हच मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे जाणारा पग घराघरात पोहोचला आणि पगला मागणी आली. हा कुत्रा चपट्या तोंडाचा. श्वासाची वाट अरुंद असल्याने धापा टाकून अंग थंड करणे त्याला जड जाते. आपल्या उन्हाळ्यात त्याचे हाल होतात. पुढे सायबेरियन हस्कीची हौस आली. बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेले, दुहेरी केसाळ आवरणाचे हे जनावर फ्लॅटमध्ये राहू लागले. हौस फिटली की यांतली काही कुत्री रस्त्यावर येतात, काही बचाव करणाऱ्यांच्या दारात. ज्या माद्यांच्या पोटी ही पिल्ले येतात, त्या गिऱ्हाइकाच्या नजरेस कधी पडतही नाहीत.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने आणि कुत्र्यांची पैदास यांवर नियमांची गरज मांडली. एप्रिल २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर बंदी आली. आणि २३ मे २०१७ रोजी पैदास व विक्रीचे नियम राजपत्रात आले. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिची वीण घ्यायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा तिला विऊ द्यायचे नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप, प्रत्येक विक्रीची नोंद.

नियम चांगले होते. त्यांचे नशीब वाईट. त्याच दिवशी, त्याच कायद्याखाली गुरांच्या बाजाराचे नियमही जाहीर झाले आणि देशभर वादळ उठले. मद्रास उच्च न्यायालयाने आठवडाभरात त्यांना स्थगिती दिली. त्या गदारोळात कुत्र्यांच्या नियमांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. नोंदणी ज्या राज्य मंडळांवर सोपवली होती, त्यांतली अनेक नावापुरतीच होती. पिल्ले पूर्वीसारखीच मोबाइलवरच्या जाहिरातींतून विकली जात राहिली.

मग चावे आले आणि धावपळ सुरू झाली. जुलै २०२२ मध्ये लखनऊत घरच्याच पिटबुलने एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा जीव घेतला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींच्या विक्रीला आणि पैदाशीला परवाने देऊ नका, असे कळवले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात ते रद्द ठरवले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार. कुत्रा कुठे जन्मला, आईपासून कितव्या आठवड्यात तोडला गेला, साखळीने किती तास बांधला गेला, यावर काहीच न बोलता जातींची यादी करणे सोपे असते. ब्रिटनने १९९१ मध्ये चार जातींपासून अशी यादी सुरू केली. २०२३ मध्ये इंग्लंडला त्यात एक्सएल बुलीची भर घालावी लागली. त्याच इंग्लंडने २०२० मध्ये दुकानदार आणि दलालांमार्फत पिल्ले विकणे बंद केले. ती वाट आपल्याला जास्त उपयोगाची आहे.

भटक्यांची माया करणाऱ्यांवरही या काळात बोट ठेवले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, ज्यांना खाऊ घालायचे त्यांनी कुत्री रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावीत, असे म्हटले; पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पोळी टाकणाऱ्या बाईला मालक ठरवणे अन्यायाचे आहे. पण बचावाच्या नावाने देणग्या गोळा करून अपुऱ्या जागेत कुत्री कोंबणाऱ्याला हिशेब विचारणे अन्यायाचे नाही. किती आणली, किती दत्तक गेली, किती मेली, हे लिहून ठेवण्यात खऱ्या कार्यकर्त्याचे काही जात नाही.

नोंदीने काय होते ते गोव्यात दिसले. तिथे राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी गल्लीगल्लीतून कुत्री पकडून लस टोचली, प्रत्येक टोचणीची जागा मोबाइलवर नोंदवली, शाळांतून मुलांना चावा कसा टाळायचा ते शिकवले. सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोहोचवायची, हे लक्ष्य होते. आधीची तीन वर्षे माणसाला रेबीज झाल्याची एकही घटना नाही, असे २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांना जाहीर करता आले. देशाचे चित्र मात्र वेगळे: २०२४ मध्ये श्वानदंशाच्या ३७ लाखांवर घटना नोंदल्या गेल्या.

त्या आकड्याची छाया २०२५ वर पडली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, रेबीजग्रस्त आणि आक्रमक वगळता, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडायला सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवण्याचा आणि तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. चावलेल्या लेकरांच्या आईबापांची बाजू न्यायालयाने ऐकली, हे योग्यच झाले. आदेशांचा सगळा भर मात्र रस्त्यावर उभ्या असलेल्या कुत्र्यावर आहे. रस्त्यावर कुत्रा येतो त्याआधीच्या साखळीसाठी २०१७ चे नियम अजून लागू आहेत. प्रत्येक राज्य मंडळाने नोंदणीकृत ब्रीडरची यादी लोकांसाठी खुली करणे आणि नोंदणी क्रमांकाविना पिल्लाची जाहिरात लागू न देणे, एवढ्याने सुरुवात करता येईल, आणि त्यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही.