सही कशावर केली होती?
स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजला, जखम चिघळली, की घरचे म्हणतात, डॉक्टर चुकले. कायदा तेवढ्यावर ते मानत नाही. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजणे हा ज्ञात धोका आहे; तो आधी समजावून सांगितला होता का, हा खरा प्रश्न. संमतीपत्रावर तपासणीसाठी तुकडा घेण्याचीच परवानगी असेल आणि अख्खा स्तन काढला असेल, तर मामला वेगळा. तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, अपवाद फक्त जीव किंवा आरोग्य वाचवण्याच्या तातडीचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गर्भाशयाच्या एका प्रकरणात ठरवले. म्हणून संमतीपत्र, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेची नोंद शेजारी ठेवून तारखा ताडून पाहाव्यात.

अशाने डॉक्टर धास्तावतील, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. त्यासाठीच सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाने फौजदारी खटल्याला घोर निष्काळजीपणाची अट घातली. नुकसानभरपाईला ती लागू नाही; सशुल्क उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे १९९५ पासून ठरलेले आहे. नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असा वैद्यक परिषदेचा नियम आहे. तक्रारीआधी नोंदी मागा, लेखी मागा. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.