राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र: तीन विषयांची एक पदवी

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी तिला तीव्र विरोध केला आणि बाजार समित्यांमधील लिलाव काही काळ बंद पडले. दुसरीकडे, सणासुदीनंतरही चढे राहिलेले भाव उतरावेत, अशी शहरांतील ग्राहकांची अपेक्षा होती. मे २०२४ मध्ये ही बंदी उठविण्यात आली.

अशा निर्णयाचा अभ्यास नेमका कोणत्या विषयात करावयाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पुरवठा घटला की भाव का चढतात आणि निर्यात रोखली की ते का उतरतात, हे अर्थशास्त्र सांगते. सरकार ग्राहकाचे आधी का ऐकते, याचे उत्तर राज्यशास्त्रात शोधावे लागते. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी भारतीय जनता पक्षाचा पराभव झाला, तेव्हा त्याच्या कारणांमध्ये कांद्याच्या भाववाढीची गणना झाली होती. मात्र एकाचे जेवण स्वस्त व्हावे म्हणून दुसऱ्याचे उत्पन्न घटविणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न या दोन्ही शास्त्रांच्या पलीकडचा आहे. तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न होय.

हे तीनही विषय एकत्र शिकविणाऱ्या पदवी अभ्यासक्रमाला त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून 'पीपीई' म्हणतात. बारावीनंतर सामाजिक शास्त्रांकडे वळू पाहणाऱ्या आणि त्यासाठी दिल्लीचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये या नावाविषयी कुतूहल आहे. त्यांच्या पालकांना मात्र, तीन विषय शिकून मुलगा अथवा मुलगी एका तरी विषयात तयार होईल काय, अशी शंका वाटते. ही शंका निराधार नाही.

अभ्यासक्रमाचा उगम

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाने हा अभ्यासक्रम सुरू केला. तोपर्यंत प्रशासनात जाऊ इच्छिणारे अनेक विद्यार्थी ग्रीक व लॅटिन भाषा, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करीत असत. आधुनिक राज्यकारभारासाठी त्याला आधुनिक पर्याय असावा, हा नव्या अभ्यासक्रमामागील विचार होता. पहिल्या वर्षी तीनही विषय शिकावयाचे आणि पुढे हवे तर त्यांपैकी दोन ठेवावयाचे, अशी तेथील सध्याची पद्धत आहे.

हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन आणि ऋषी सुनक हे ब्रिटनचे पंतप्रधान हीच पदवी घेऊन राजकारणात आले. पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो व इम्रान खान तसेच म्यानमारच्या आंग सान सू ची यांनीही ऑक्सफर्डमध्ये हाच अभ्यास केला. या यादीमुळे पदवीची प्रतिष्ठा वाढली, तशी टीकाही झाली. सर्व विषयांवर आत्मविश्वासाने बोलणारा, पण एकाही विषयाच्या मुळाशी न गेलेला वर्ग या शिक्षणातून तयार होतो, असे ब्रिटनमधील टीकाकार म्हणतात.

मराठी परंपरेशी नाते

पीपीई हे नाव आपल्याकडे नवे असले, तरी हे विषय एकमेकांशी जोडून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेच्या नावातच राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र नांदतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. परंतु त्यासोबत त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचेही अध्ययन केले. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे तेथे त्यांचे शिक्षक होते. पुढे रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी मिळाली.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिल्लीत संविधान सभेपुढे केलेल्या भाषणात त्यांनी एका विसंगतीकडे लक्ष वेधले. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा अवस्थेत देश प्रवेश करीत आहे. ही विसंगती दूर झाली नाही, तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या एका विचारात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि न्यायाचे तत्त्वज्ञान वेगळे करता येत नाहीत. परंतु ही व्यापक दृष्टी एका विषयातील सखोल संशोधनावर उभी होती, हेही विसरता येणार नाही.

दिल्ली परिसरातील दोन मार्ग

दिल्ली परिसरात हे विषय एकत्र शिकण्याचे प्रामुख्याने दोन मार्ग दिसतात. हरियाणातील सोनीपत येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या अशोका या खासगी विद्यापीठात या तीन विषयांचा संयुक्त मुख्य अभ्यासक्रम उपलब्ध आहे. तेथे प्रारंभी सर्व विद्यार्थ्यांना विविध विषयांचे पायाभूत अभ्यासक्रम घ्यावे लागतात आणि मुख्य विषयाची निवड त्यानंतर होते. येथील शुल्क सरकारी विद्यापीठाच्या कितीतरी पट आहे. मात्र कुटुंबाच्या आर्थिक स्थितीनुसार सवलतीसाठी अर्ज करता येतो.

दुसरा मार्ग दिल्ली विद्यापीठाचा. तेथे पदवीवर पीपीई हे नाव नसले, तरी बी. ए. प्रोग्राम या अभ्यासक्रमात दोन मुख्य विषयांची जोडी घेता येते. अर्थशास्त्र व राज्यशास्त्र किंवा तत्त्वज्ञान व राज्यशास्त्र अशा जोड्या काही महाविद्यालयांत मिळतात. प्रत्येक महाविद्यालयातील जोड्या निराळ्या असल्याने त्या आधी पाहून घ्याव्या लागतात. २०२२ पासून लागू झालेल्या आराखड्यानुसार इतर विभागांतील ऐच्छिक विषयही घेता येतात. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची किंवा चौथे वर्ष पूर्ण करण्याची सोय आहे.

प्रवेशाची पद्धतही बदलली आहे. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांची राज्यशास्त्राची पहिली यादी शंभर टक्के गुणांवर लागली होती. २०२२ पासून 'सीयूईटी' ही सामाईक परीक्षा घेतली जाते. ती मराठीतूनही देता येते, ही राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे. प्रवेशानंतरचे अध्यापन मात्र मुख्यतः इंग्रजीतून होते.

गणिताचा अडसर

या शिक्षणातील खरी अडचण अर्थशास्त्राची आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी बारावीला गणित आवश्यक असते. पुढे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे, तर गणित, संख्याशास्त्र आणि अर्थमिती यांची पक्की तयारी लागते. तीन विषयांत वेळ विभागला गेला, की ही तयारी अपुरी राहण्याचा संभव असतो. दहावीनंतर कला शाखा घेऊन गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा दरवाजा पदवीपूर्वीच अर्धा मिटलेला असतो.

व्यवसायाच्या दृष्टीनेही पदवीच्या नावाला मर्यादा आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो आणि तेथे राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान व अर्थशास्त्र हे तीन स्वतंत्र वैकल्पिक विषय आहेत. म्हणजे पीपीईचा पदवीधर विशेष पात्र ठरत नाही; मात्र २०१३ पासून मुख्य परीक्षेत आलेल्या नीतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेसाठी हा अभ्यास उपयोगी पडू शकतो. महाविद्यालयीन अध्यापनासाठीची 'नेट' परीक्षा एकेका विषयाची असते. त्यामुळे कधीतरी एक विषय निवडून त्यात पदव्युत्तर शिक्षण घेणे भागच पडते. पत्रकारिता, धोरण संशोधन, कायदा आणि सामाजिक संस्थांचे कार्य या क्षेत्रांत तीन विषयांची जोड उपकारक ठरते.

निवड करताना

याचा अर्थ, पालकांच्या शंकेचे उत्तर पदवीच्या नावात मिळत नाही. ते विद्यार्थी कोणते अभ्यासक्रम निवडतो, यावर अवलंबून असते. गणित किती घेता येईल, चौथ्या वर्षी एका विषयात संशोधन करता येईल काय आणि ज्या पदव्युत्तर शिक्षणाचा विचार आहे त्याच्या अटी पूर्ण होतील काय, या तीन गोष्टी प्रवेशापूर्वी विद्यापीठाकडून स्पष्ट करून घेणे हिताचे आहे.

कांद्याच्या भावाचा आलेख काढता येणे, त्यामागील सत्तेचे गणित ओळखता येणे आणि निर्णयाचा भार कोणावर पडतो हे विचारता येणे, ही तीनही कौशल्ये एकाच व्यक्तीकडे असावीत, हा या शिक्षणाचा हेतू आहे. तो साध्य होण्यासाठी त्यांपैकी किमान एक कौशल्य पक्के असावे लागते.