सोंड्या भुंग्याचे सोयरे

कोकणातल्या बागायतदाराला सोंड्या भुंगा आधी दिसतो तो माडाच्या खोडावर: भोके, त्यांतून ओघळणारा तपकिरी चिकट द्रव आणि कान लावल्यास आत अळ्यांच्या कुरतडण्याचा आवाज. तोवर गाभा बराच पोखरलेला असतो.

हा भुंगा ऱ्हिंकोफोरस प्रजातीतला. तिच्यात सुमारे दहा जाती येतात आणि ताडकुळातल्या झाडांवर त्यांची खास नजर असते. आफ्रिकेत फिनिसिस, मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत पाल्मारम, तर आपल्याकडे फेरुजिनियस. 1980 च्या दशकात फेरुजिनियस आखाती देशांतल्या खजुरांवर पोहोचला. पुढे रोपांच्या वाहतुकीबरोबर तो इजिप्त, स्पेन असे करत भूमध्य सागराच्या काठाने पसरला.

त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा व्हल्नरेटस मूळचा इंडोनेशिया, मलेशियाकडचा. फेरुजिनियस तांबूस अंगावर काळे ठिपके असलेला, व्हल्नरेटस बहुधा काळा आणि पाठीवर तांबडा पट्टा असलेला. पण दोन्हींत रंग इतके बदलतात की, नुसते पाहून जात ठरवणे धोक्याचे. 1966 मध्ये कीटकतज्ज्ञ वट्टनपोंगसिरी यांनी प्रजातीची सविस्तर छाननी करून दोघांना वेगळे ठेवले. 2004 मध्ये दोन्ही एकच मानले गेले. 2013 मध्ये डीएनए तपासल्यावर ते पुन्हा वेगळे झाले.

या तपासणीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लगुना बीचला सापडलेला भुंगा फेरुजिनियस समजला जात होता. तो व्हल्नरेटस निघाला, आणि त्याचा डीएनए बालीतल्या भुंग्यांशी सर्वांत जवळचा ठरला. कीड कोणत्या वाटेने आली, हे त्यावरून शोधता येते. 2015 मध्ये लगुना बीचहून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

नावाची ही काटेकोर तपासणी शेतकऱ्याच्या थेट कामाची आहे. नर भुंगा गंध सोडून नर-मादी दोघांना बोलावतो. गंध सापळे त्यावरच चालतात. फेरुजिनियसचा गंध वेगळा, पाल्मारमचा वेगळा. या दोघांत गल्लत झाली तर सापळा रिकामा राहतो. शिवाय पाल्मारम आपल्याबरोबर एक सूत्रकृमी नेतो. त्याने होणारा लाल वलय रोग माडाला काही महिन्यांत मारतो. हा रोग अमेरिका खंडातच आहे, आशियात नाही. म्हणून परदेशातून येणाऱ्या रोपांत भुंगा सापडला, तर केवळ 'सोंड्या' म्हणून नोंद करून भागणार नाही. त्याची जात नेमकी ठरवणारे वर्गीकरणतज्ज्ञ बंदरांवर आणि कृषी विद्यापीठांत हवेत.