समाजमाध्यमे आणि सातचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये या गावाने एक ठराव केला. सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजावा आणि साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहावेत, असा तो ठराव होता. करोनाच्या साथीत शाळा बंद होत्या आणि अभ्यास मोबाइलवरून चाले. शाळा पुन्हा उघडल्या, तरी मुलांच्या हातातून तो काही सुटेना, हे या ठरावामागचे कारण होते. पुरुषमंडळींपैकी अनेकांनी प्रथम ही कल्पना हसण्यावारी नेली. महिलांनी मात्र मोकळेपणाने मान्य केले की, मालिका आणि मोबाइल यांत आपलाही वेळ नकळत जातो. आरंभीच्या दिवसांत ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि काही ग्रामस्थ यांना दारोदार फिरून 'आता बंद करा' असे सांगावे लागले.

वस्तुतः मोबाइल बंद करण्याची कळ प्रत्येकाच्या बोटापाशीच असते. मग त्यासाठी गावाला भोंगा का वाजवावा लागावा? याचे उत्तर समाजमाध्यमांच्या रचनेतच आहे. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, कीर्तनाची आरती होते, तमाशाचाही वग संपतो. मोबाइलच्या पडद्यावरील मजकुराला मात्र शेवट नाही. बोट वर सरकवीत राहावे, खालून नवे येतच राहते. २००६ च्या सुमारास ही युक्ती शोधून काढणारे अमेरिकन रचनाकार अझा रास्किन यांनी पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. शिवाय पुढचे चित्र कंटाळवाणे निघेल की मनोरंजक, हे आधी कळत नाही. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला म्हणजे कबूतर अधिकच चिकाटीने चोच मारीत राहते, असे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांत दिसून आले होते. जे कबुतराचे, तेच थोड्याफार फरकाने माणसाचे. तात्पर्य, ज्या माध्यमाने आपला थांबा काढून टाकला आहे, त्याला बाहेरून थांबा घालावा लागतो. एकट्या मुलाच्या निग्रहावर हे काम सोपविणे अन्यायाचे होय.

यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरा मार्ग स्वीकारला. अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरू नये, असा ठराव तेथील ग्रामपंचायतीने केला. हेतूविषयी शंका नाही. तथापि, वडगावचा नियम अधिक टिकाऊ वाटतो, कारण तो वडीलधाऱ्यांनाही लागू आहे. वडील ओटीवर पडद्यात डोके घालून बसलेले असताना आतल्या खोलीत मुलाने पुस्तक उघडावे, ही अपेक्षा फारशी फळत नाही, हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

प्रश्न केवळ वाया जाणाऱ्या वेळाचा असता, तर एवढ्यावर भागले असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच व्यक्तींना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील होते. त्यांना कोंडून मारहाण झाली ती खोली ग्रामपंचायत कार्यालयाची होती. मुले पळविणाऱ्यांविषयीच्या अफवा त्यापूर्वी कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच सुमारास देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात पाकिस्तानातील कराची येथे पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. मूल सुखरूप परत आणून दिल्याचा तिचा शेवट कोणी तरी कापून टाकला होता. ती पुढे पाठविणाऱ्या बहुतेकांचा हेतू शेजाऱ्यापाजाऱ्यांना सावध करण्याचाच असणार. धोका नेमका येथेच आहे. अशा संदेशाला वेग येतो तो काळजीपोटी, दुष्टाव्यापोटी क्वचितच.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येऊ लागला. त्यानंतर अशा संदेशांचा प्रसार सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. बंदी कशावरही नव्हती; हात क्षणभर अडला, एवढेच. ज्या संदेशावर दोन बाणांची खूण असते, तो आपल्यापर्यंत येण्यापूर्वी अनेक हातांतून गेलेला असतो आणि मूळ लिहिणारा कोण, हे देणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. सरपंच, ग्रामसेवक किंवा मुख्याध्यापक यांनी असा संदेश पुढे धाडला, तर ऐकीव गोष्टीला त्यांच्या पदाचे वजन मिळते. यास्तव त्यांनी तरी आधी पोलीस ठाण्यास किंवा संबंधित कार्यालयास एक दूरध्वनी करावा आणि खबर खोटी ठरल्यास, ज्या गटात ती आली त्याच गटात तसे स्पष्ट लिहावे. गप्प राहिल्याने अफवा मरत नाही.

याच माध्यमाचा उपयोगही थोडा नाही. पावसाचा इशारा, लसीकरणाचा दिवस, रास्त भाव दुकानात धान्य आल्याची वर्दी, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत या गोष्टी गावाच्या गटावर मिनिटभरात सर्वत्र पोहोचतात. मात्र त्याच गटावर सकाळी पन्नास शुभेच्छा आणि फुलांची चित्रे येत असतील, तर लसीकरणाची सूचना त्यांखाली गाडली जाते. गटाचे दोन भाग करणे सोयीचे पडते. एक गप्पांचा आणि दुसरा केवळ सूचनांचा, ज्यात दोघातिघांनाच लिहिता येईल. व्हॉट्सॲपवर तशी सोय आहे. ग्रामसभेची तारीख या दुसऱ्या गटावर अवश्य टाकावी, पण कार्यालयाबाहेरचा फलक आणि दवंडी चालूच ठेवावी. ज्या म्हाताऱ्या बाईच्या घरी मोबाइल नाही, तिचे रेशनकार्डाचे काम बहुधा त्याच ग्रामसभेत असते.