जर्मनीहून : गावाची पत कशी मोजायची?

बीडला फोन केला की मावशी हमखास विचारते, "तिकडं म्हणे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही?" हा समज आता सोडा. बव्हेरियातल्या या खेड्यात न कळवता कोणी कोणाच्या घरी जात नाही, हे खरं. पण सायरन वाजला की बेकरीवाला हाताचं पीठ झटकत धावतो, त्याच्यामागून सुतार धावतो. हे गावचं अग्निशमन दल, बिनपगारी. मोठी शहरं सोडली तर जर्मनीत आग विझवायला असे स्वयंसेवकच जातात. कामावरून उठून गेले म्हणून त्यांचा पगार कापता येत नाही. तसा कायदाच आहे.

सात माणसं जमली की इथे मंडळ नोंदवता येतं : गाण्याचं, नेमबाजीचं, बागकामाचं. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट पटनम यांनी इटलीत अशीच गायनमंडळं आणि फुटबॉल क्लब मोजले. जिथे ती जास्त, तिथलं प्रांतिक सरकार चांगलं चालतं, असं त्यांनी १९९३ साली मांडलं.

ही फूटपट्टी कोणी बीडमधल्या धारूर-वडवणीला नेली तर मात्र मला राग येईल. ऊसतोड करणाऱ्या बाईला "तुम्ही कुठल्या संस्थेच्या सभासद?" विचारलं तर ती "कुठल्याच नाही" म्हणेल. पण दसरा-दिवाळीनंतर तिचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारखान्याकडे निघतो, तेव्हा घरची म्हातारी आणि शेळी कोणाच्या भरवशावर राहते? फडात ती आजारी पडली तर तिच्या वाटच्या मोळ्या कोण बांधतं? हे कुठल्या रकान्यात लिहाल? सावड, इर्जिक ही एकमेकांच्या कामाला धावण्याची रीत कुठल्याच दप्तरात नाही.

तरीही एक गोष्ट टोचते. आपल्या माणसांना घट्ट धरणारी नाती वेगळी आणि परक्यांना जोडणारी वेगळी, असं पटनमच सांगतात. पहिल्या बाबतीत बीड श्रीमंत आहे. दुसऱ्या बाबतीत? २०२५ च्या सुरुवातीला बीडच्या पोलिसांना टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढावी लागली, कारण आडनावावरून जात आणि जातीवरून भरवसा ठरू लागला होता. वाचून जीव तुटला. इथल्या अग्निशमन दलांतही परदेशांतून आलेली माणसं कमीच दिसतात. ती उणीव हे लोक उघड बोलतात, माणसं शोधायला निघतात. आपण गप्प का?

येत्या हरिनाम सप्ताहाची कमिटी बसेल तेव्हा एवढं बघा : पंगतीत वाढणाऱ्यांमध्ये गावातल्या प्रत्येक वस्तीचं माणूस आहे का? नसेल तर निरोप धाडू नका, स्वतः त्यांच्या दारी जाऊन बोलवा.