खाऱ्या टाकीतल्या नको त्या गोगलगायी

पोवळ्यांच्या समुद्री मत्स्यालयात गोगलगायी दोन वाटांनी येतात. काही विकत आणून मुद्दाम सोडलेल्या असतात. बाकीच्या खडकाच्या भेगांत लपून, नव्या पोवळ्याच्या बुडाला चिकटून किंवा दुसऱ्या शंखावरच्या अंड्यांतून न बोलावता येतात. अशी आगंतुक प्रत्येक गोगलगाय उपद्रवी नसते. पाठीवर शिंपल्याचा चपटा तुकडा ठेवल्यासारखी दिसणारी स्टोमाटेला रात्री काचेवर फिरून शेवाळ खाते. मोहरीच्या दाण्यासारखी बारीक, गोलसर कोलोनिस्टाही तेच काम करते. घाईघाईने केलेल्या सफाईत आधी याच कामाच्या गोगलगायी मरतात, म्हणून आधी ओळख पटवावी, मग हात घालावा.

सर्वांत चिवट उपद्रव व्हर्मेटिड कुळातल्या गोगलगायींचा. ही गोगलगाय असून चालत नाही. पिल्लू असतानाच ती एक जागा धरते आणि शंखाचे वेटोळे सोडून खडकाला घट्ट चिकटलेली चुन्याची वेडीवाकडी नळी बांधत जाते. टाकीत सापडणाऱ्या जातींच्या नळ्या बहुधा काही मिलिमीटर जाडीच्याच असतात, पण त्यांची टोके इतकी धारदार की खडक हलवताना बोटे कापतात. नळीत राहणारे समुद्री किडेही टाकीत असतात आणि त्यांच्याशी हमखास गल्लत होते. नळीतून पिसांसारखा तुरा बाहेर आला, तर तो किडा. त्याच्यापासून काही अपाय नाही. तुऱ्याऐवजी कोळ्याच्या धाग्यासारखे चिकट तंतू पाण्यात लहरताना दिसले, तर ती व्हर्मेटिड. हे तंतू म्हणजे तिचे जाळे. तरंगणारे अन्नकण त्यात अडकले की ती जाळ्यासकट सगळे ओढून गिळते.

हे जाळे शेजारच्या पोवळ्यावर पडले की पोवळे अंग चोरून घेते आणि त्याची वाढ खुंटते. हा नुसता हौशी लोकांचा समज नाही. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाजवळ जेफ्री शिमा आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आकाराच्या एका व्हर्मेटिडचा पोवळ्यांवरचा परिणाम मोजला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पोवळ्याच्या सांगाड्याची वाढ ८१ टक्क्यांपर्यंत आणि जगण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांपर्यंत घटलेले आढळले. भूमध्य समुद्रात याच कुळातल्या गोगलगायी नळ्यांवर नळ्या रचून सिसिलीच्या किनाऱ्यांवर भक्कम कट्टे उभारतात आणि लाटांपासून खडकाला आडोसा देतात, हेही सांगायला हवे. बंद टाकीत मात्र अन्नाची चंगळ असते आणि खाणारे जवळपास कोणी नसते.

नळ्या थोड्या असतील तर उपाय हाताचाच. खडक बाहेर काढता येत असेल तर काढावा, हातमोजे घालावेत आणि चिमट्याने नळी मुळापासून मोडावी. वरचे टोक तोडून भागत नाही. आतला जीव उरला तर नळी पुन्हा वाढते. मुळापर्यंत पोचता येत नसेल तर नळीच्या तोंडावर जेलच्या रूपातल्या सुपर ग्लूचा थेंब बसवावा. हा गोंद ओल्यातही धरतो आणि पोवळी चिकटवायला वापरतात तोच असतो. नळ्या शेकड्यांनी झाल्या असतील तर खाण्यावर नियंत्रण आणणे हाच खरा मार्ग. पाण्यात पसरणारे पूडखाद्य आणि पातळ खाद्य कमी करावे, गाळण्याचा कापूस वरचेवर बदलावा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची बंबलबी गोगलगाय व्हर्मेटिड खाते असा अनेकांचा अनुभव आहे, पण एकट्या तिच्या भरवशावर टाकी साफ होत नाही.

दुसरा उपद्रव पिरॅमिडेलिड गोगलगायींचा. त्या तांदळाच्या कणीएवढ्या, पांढऱ्या आणि टोकदार असतात. दिवसा त्या दिसत नाहीत. रात्री विजेरी घेऊन पाहिले तर ट्रायडॅक्ना या मोठ्या शिंपल्याच्या कडेला किंवा शेवाळ खाणाऱ्या शंखांवर बसून सोंडेने त्यांचे शरीरद्रव शोषताना सापडतात. मऊ टूथब्रशने शिंपला रोज घासावा. त्यावर लागलेले अंड्यांचे पारदर्शक चिकट ठिपकेही काढून टाकावेत. सहा पट्ट्यांचा रॅस मासा त्यांची संख्या आटोक्यात ठेवायला मदत करतो.

सनडायल गोगलगायीचा शंख चपटा, गोल, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा. तो दिसायला सुरेख असल्यामुळे लोक ती कौतुकाने ठेवून घेतात आणि ती मात्र झोअँथिड हे पोवळ्यांचे मऊ नातलग फस्त करते. ती दिसताच उचलावी. शंकूच्या आकाराचा अनोळखी शंख कधीही उघड्या हाताने उचलू नये. कोन गोगलगायीचा डंख विषारी असतो आणि तिच्या काही जातींचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो.

औषधाची बाटली हा सर्वांत वाईट उपाय. तांबे असलेल्या औषधाने गोगलगायी मरतात, पण पोवळी, कोळंबी आणि खेकडेही मरतात. शिवाय तांबे खडकात मुरून पुढे बराच काळ पाझरत राहते. खडक उकळून निर्जंतुक करण्याचा सल्ला तर कधीच मानू नये. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते आणि असे खडक उकळताना निघालेल्या वाफेने घरातली माणसे इस्पितळात पोचल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

नवे पोवळे काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवले तर यातले बरेचसे टळते. पोवळे धुण्याच्या द्रावणातून अंडी वाचतात आणि नळीत आत सरकलेली व्हर्मेटिडही वाचते. म्हणून ज्या चकतीवर पोवळे बसवून येते ती फेकून नवी लावावी. हे सारे कायदेशीर मार्गाने आलेल्या पोवळ्यांपुरते. भारतात दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मालवणच्या समुद्रातून एक फांदी उचलून आणणे हासुद्धा गुन्हा आहे.

काढलेल्या गोगलगायींचे काय करायचे, याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. फ्लोरिडात की वेस्टजवळ २००९ मध्ये कृत्रिम खडक म्हणून बुडवलेल्या 'व्हँडेनबर्ग' जहाजावर व्हर्मेटिडांची एक जात फोफावलेली सापडली. २०१७ मध्ये तिची नवी जात म्हणून नोंद झाली, पण तिचे जवळचे नातलग प्रशांत महासागरातले निघाले. म्हणजे ती तिथे परकी असावी. टाकीतूनही अशी परकी जात बाहेर पसरू नये, म्हणून टाकीतून काढलेली गोगलगाय, खडकाचा तुकडा किंवा टाकीचे पाणी समुद्रात, खाडीत किंवा नाल्यात टाकू नका. गोगलगायी आणि तुकडे पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मगच कचऱ्यात द्या.