विळी, सुरी व विळा : धार लावण्याच्या साधनाची निवड

विळी, सुरी आणि विळा ही हत्यारे नाहीत असे शेतकरी कुटुंब विरळाच. ती विकत घेताना आपण पाते व मूठ पारखून घेतो. परंतु त्यांना धार लावण्याच्या साधनाविषयी फारसा विचार करीत नाही. पुष्कळदा दिसावयास सुबक असे साधन घरी येते, घरातील पात्यांस ते उपयोगी पडत नाही आणि पाती बोथटच राहतात.

बोथट पात्यापासून इजा होण्याची भीती कमी, असा एक समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बोथट पात्यास अधिक जोर लावावा लागतो. ते भाजीत शिरण्याऐवजी वरून घसरते आणि जोरात असलेला हात ऐनवेळी आवरत नाही. बोथट पात्याने कांदा चिरला न जाता चेचला जातो व डोळ्यांस अधिक पाणी येते. कापणीत बोथट विळ्यामुळे मनगट भरून येते व कामही मागे पडते.

साधनांचे प्रकार

१. धार लावण्याचा दगड किंवा निसणा : पूर्वी यासाठी कुरुंदाचा दगड वापरीत. आता बाजारात बहुधा कृत्रिम दगड मिळतात. त्यांपैकी कार्बोरंडम हा पदार्थ एडवर्ड अ‍ॅचेसन या अमेरिकन संशोधकाने १८९१ साली प्रथम तयार केला. अशा दगडाची एक बाजू खरखरीत व दुसरी मऊ असलेला प्रकार घरास सोयीचा असतो.

२. खाचेचे साधन : यात दोन कठीण तुकडे तिरपे बसविलेले असतात. मधल्या खाचेतून सुरी चार-पाच वेळा ओढली की धार येते. कोन आधीच ठरलेला असल्याने नवख्या माणसासही ते जमते. तथापि ते पाते खरवडून काढते. त्यामुळे पाते लवकर झिजते. पाटावर बसविलेल्या विळीस किंवा वाकड्या विळ्यास ते सोयीचे नाही.

३. कानस : कोयता, खुरपे, कुऱ्हाड यांस योग्य, स्वयंपाकाच्या पातळ सुरीस फार खरबरीत.

४. विजेवर फिरणारी सराण : काम झटपट होते, पण पाते तापते. पोलादावर निळसर झाक दिसली, म्हणजे उष्णता सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेली असे समजावे. तेथे पात्याचे पाणी उतरते आणि मग धार टिकत नाही.

निवड कशी करावी

घरात केवळ सुऱ्या असतील, तर खाचेचे साधन चालू शकेल. जेथे विळी व विळा आहेत, तेथे हाताच्या मुठीत नीट धरता येईल असा दुहेरी दगडच घ्यावा. कारण ही पाती दगडावर फिरविता येत नाहीत, दगडच पात्यावर फिरवावा लागतो. दगड सपाट असावा व त्यास चीर नसावी. मुख्य म्हणजे, जी व्यक्ती रोज विळीवर बसते तिच्या हाती दगड देऊन पाहावा. तिच्या हातास न पेलणारे साधन कितीही उत्तम असले तरी निरुपयोगीच होय.

दातेरी विळ्यास हा दगड लावू नये. दाते झिजून जातात. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा याच दातेरी जातीचा आहे.

धार लावण्याची रीत

दगड ओला करून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. सुरीचे पाते जेवढे रुंद, त्याच्या एक-तृतीयांश इतकी त्याची पाठ दगडापासून उचलावी. तीन सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ एक सेंटिमीटर उचलली म्हणजे सुमारे वीस अंशांचा कोन साधतो. हा कोन शेवटपर्यंत कायम राखावा. प्रथम खरखरीत बाजूवर एक अंग घासावे. दुसऱ्या अंगास सर्व लांबीभर बारीक कंगोरा जाणवू लागला की पाते उलटावे. शेवटी दोन्ही अंगे मऊ बाजूवर हलक्या हाताने घासून कंगोरा काढून टाकावा.

विळीस धार लावताना ती आडवी ठेवून पाट घट्ट दाबून धरावा. दगड पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्यावा आणि बोटे दगडाच्या कडेबाहेर येऊ देऊ नयेत. धारेची परीक्षा अंगठ्याने करू नये. पिकलेल्या टोमॅटोवर पाते ठेवून हलकेच ओढावे. साल न दबता कापली गेली, तर धार उत्तम समजावी. नंतर पाते धुऊन, पुसून मुलांच्या हातास लागणार नाही असे ठेवावे.

एवढे करूनही जखम झालीच, तर ती साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी विचारावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी सुगीपूर्वी गावात याचे प्रात्यक्षिक करावे. एक बोथट व एक धार लावलेली अशा दोन सुऱ्या आणि दोन टोमॅटो एवढे साहित्य पुरे. प्रात्यक्षिकास घरातील भगिनींना अगत्याने बोलवावे व दगड त्यांच्याच हाती द्यावा. दहा मिनिटांचे हे काम सुगीच्या धांदलीत कित्येक हात वाचवील.